नॅचरलवर यायचंय ना, मग केसापासून ये, तोंडाची घाई नको

तुझा प्रश्न वाचला. अशी एक तरी मुलगी आमच्या पार्लरमध्ये दर महिन्याला येतेच बघ. एका रविवारी शाम्पू, फेसवॉश, क्रीम, सनस्क्रीन सगळं काढून टाकलंस, त्याच्या जागी शिकेकाई, खोबरेल, लिंबू-मध आणि इन्स्टावरनं मागवलेली एक हँडमेड क्रीम आली, आणि आता तीन आठवड्यांनी केस चिकट, कपाळावर बारीक पुळ्या, गालावर काळपट डाग. वर आईला पण डाय सोडून काहीतरी 'नॅचरल' लावायचंय. आणि तू विचारतेस की हा डिटॉक्स चाललाय का, अजून किती दिवस कळ काढू.

अजिबात काढू नको. केस म्हणजे मेलेला भाग आहे गं, त्याच्यातनं विष बाहेर पडायला तिथं जिवंत काही नाहीच. आधीच्या शाम्पू-कंडिशनरमधलं सिलिकॉन केसावर बसलेलं असतं, ते काही धुण्यांत निघून जातं आणि मग स्ट्रेटनिंग-कलर करून झालेला केस मुळात कसा आहे ते दिसतं, एवढंच. चिकटपणा मात्र त्याचा नाही, तो तेलाचा आणि पुडीचा आहे, त्यावर येतेच. आणि पुळ्या आल्या, आग झाली तर ते अंगाला चालत नाही असं समजायचं, 'आतली घाण बाहेर पडतीय' असं कोणी म्हणालं तर त्यांना चहा पाजून वाटेला लाव.

मी पार्लर चालवते आणि बाजूला उटणं, तेल, साबण बनवते, म्हणजे मी झाडपाल्याच्या बाजूचीच आहे, गैरसमज नको. पण इतकी वर्षं हे करून माझा हिशोब अगदी सोपा झालाय. कोरडी पूड आणि नुसतं तेल, हे घरचं चालतं, चांगलं चालतं. ज्याच्यात पाणी पडलं ते त्याच दिवशी लावून संपवायचं. आणि ज्याच्यात पाणी पण आहे आणि जे महिनाभर टिकायला पण पाहिजे, म्हणजे क्रीम, लोशन, सनस्क्रीन, ते दुकानातनं आणायचं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता केस. तू शिकेकाईची पूड पाण्यात कालवून तशीच डोक्याला थापतेस असं लिहिलंयस, तिथंच घोळ आहे. पूड कितीही बारीक असली तरी केसात अडकून राहते, आणि आदल्या रात्री वाटीभर तेल चोपडलं असेल तर शिकेकाईच्या आवाक्यात ते नाही. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, तेच फेस करतं आणि मळ काढतं, पण शाम्पूइतकी त्याची ताकद नाही, म्हणून तेल जेमतेम लावायचं, हातावर घेतलेलं दोन चमचे बास झालं. पूड बाजूला ठेव, शेंगाच आण. खांद्यापर्यंतच्या केसांना पाच-सहा शेंगा मोडून, तीन-चार रिठे बिया काढून, दोन-तीन फोडी वाळका आवळा, दोन ग्लास पाण्यात रात्रभर भिजत घालायचं, सकाळी मंद गॅसवर दहा मिनिटं उकळायचं, कोमट झालं की हातानं चांगलं कुस्करायचं आणि पातळ फडक्यातनं गाळायचं. चहासारखं तपकिरी पाणी येतं, वर थोडा फेस. ते अर्धं अर्धं करून दोनदा ओतायचं, टाळूला बोटानं चोळायचं, डोळे गच्च मिटून, कारण रिठा डोळ्यात गेला की जी आग होते ती विचारू नको. केस कोरडे वाटायला लागले तर रिठे कमी कर, शिकेकाई नको कमी करू. उरलं तर ठेवू नको, ओतून दे.

शेंगा घेताना आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोड, गंगावेश त्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात विचार, किंवा लक्ष्मीपुरीत. आपल्या घाटातल्या जंगलातनं येणारा माल असतो. शेंग हातात घेऊन हलवली की आत बी वाजलं पाहिजे, मोडली की कडक आवाज यायला पाहिजे, मऊ पडलेली किंवा पांढरी बुरशी दिसली तर नको. आणि दळायची असेल तर कृपा करून मिरची कांडपाच्या डंकावर नेऊ नको. आधीच्या बाईंची कांदा-लसूण चटणी झालेली असते, त्याच्यावर तुझी शिकेकाई, आणि मग तीच डोक्याला! हसू नको, आमच्याकडं असल्या डोक्याच्या बायका आल्यात. घरच्या मिक्सरला थोडी थोडी कर, नाकाला रुमाल बांधून, शिंका हमखास येतात.

एक गोष्ट बायका हमखास विसरतात. 'शिकेकाई साबण' म्हणजे साबणच, शिकेकाई नव्हे. बोअरचं पाणी जड असलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाबरोबर मळी करतं आणि ती केसावर बसते, केस धुतल्यावर मेणचट लागतात. उपनगरात बोअरवर असाल तर हे जास्त जाणवणार. शिकेकाईच्या काढ्यानं अशी मळी होत नाही. नळाचं पाणी असेल तर फरक कमी.

शेवटच्या पाण्यासाठी जास्वंद. आपल्या दारात असतीच, नसली तर शेजारी मागायची. दहा-बारा पानं आणि दोन-तीन फुलं पाण्यात कुस्करली की जो बुळबुळीत रस सुटतो तो गाळून केसाला लावून पाच मिनिटांनी धुवायचा, कंडिशनरचं काम होतं. मेथीचं पण तसंच, पण मेथीचा वास दोन दिवस जात नाही, ऑफिसला जात असशील तर विचार कर.

खोबरेलाबद्दल. केसाला खोबरेल उत्तमच. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिन्ही केसावर तपासली होती, त्यात केसातलं प्रोटीन कमी जाणं फक्त खोबरेलानं साधलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. ते संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हे पण सांगून टाकते, म्हणजे विश्वास किती ठेवायचा ते तुझं तू ठरव. पण त्याचं कारण पटण्यासारखं आहे, त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं, केसाच्या आत शिरतं. मात्र हेच तेल केसातनं ओघळून कपाळावर आलं की छिद्रं बंद करतं, तुझ्या पुळ्या केसाच्या कडेलाच जास्त आहेत असं तू लिहिलंयस, मला तर त्याच्यावरच संशय आहे. तेल केसांच्या लांबीला लाव, कपाळाच्या कडेला नको, रात्रभर लावून उशीला पुसू नको, धुण्याआधी तास-दोन तास बास. चेहऱ्याला तर खोबरेल बंदच कर. आणि कोंडा असेल तर तेलानं जिरत नाही, उलट वाढतो, कारण कोंड्यामागं जी बुरशी असते तिला तेलातले फॅटी ॲसिड खायला लागतात. घट्ट पिवळसर खपल्या, खाज असं असेल तर डॉक्टरकडनं किटोकोनाझोलचा शाम्पू घे, त्याच्या आड शिकेकाई आणू नको.

आता चेहरा, आणि इथं मी जरा रागावणार आहे. लिंबू लावून गाडीवरनं ऑफिसला गेलीस ना? लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट, तो दोन-अडीचच्या आसपास, आपल्या त्वचेचा साडेचार ते साडेपाच. ते एक झालं. पण त्याहून वाईट म्हणजे लिंबातले फ्युरोकुमारिन नावाचे घटक, ते त्वचेवर असताना ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग काळा डाग उठतो, कधी थेंब ओघळला तसा लांबट, कधी बोटांच्या आकाराचा. तुझे डाग गालावर आणि जबड्याच्या एका बाजूला आहेत, बहुतेक तेच. हे डाग मावळतात, पण आठवड्यात नाही, महिने जातात, आणि त्या काळात उन्हापासनं जपलं नाही तर आणखी गडद होतात. लिंबू-मध, लिंबू-साखर, लिंबू-बेसन, सगळं बंद. लिंबू पोह्यावर पिळ. खायचा सोडा पण तोंडाला नको, तो उलट्या बाजूला, अल्कलीत जातो.

म्हणून सनस्क्रीन आधी परत आण. कितीही 'नॅचरल एसपीएफ' म्हणून गाजराच्या बियांचं तेल, खोबरेल, तीळतेल विकू देत, कुठल्याच झाडाच्या तेलावर कोल्हापूरच्या उन्हात गाडी चालवून जमणार नाही. वनस्पतीच पाहिजे असा हट्ट असेल तर तो इथं सोड. अगदी सौम्य पाहिजे तर झिंक ऑक्साइडवालं घे, ते खनिज आहे, तोंड थोडं पांढरट दिसतं, पण त्यानं जळजळ फारशी होत नाही. एसपीएफ ३० पासून पुढं, आणि तोंड-मानेला दोन बोटं भरून, वाटाण्याएवढं लावून काही होत नाही.

मग चेहऱ्याला घरचं काहीच नाही का, तर आहे की. उटणं. पण दिवाळीच्या पाकिटातलं नव्हे, त्याच्यात रंग आणि वासच जास्त असतो कधी कधी. घरी करायचं तर मसूर डाळीचं पीठ तीन भाग, आंबेहळद अर्धा, नागरमोथा अर्धा, गवला कचोरा अर्धा, वाळा थोडा, वाळलेल्या गुलाबपाकळ्या. हे सगळं उन्हात कडकडीत वाळवून बारीक करायचं आणि वस्त्रगाळ करायचं, म्हणजे खरंच पातळ सुती कापडातनं, पिठाच्या चाळणीतनं चाळलेलं नको, तोंडाला ओरखडे उठतात. चैत्र-वैशाखात करून ठेवायचं. आपल्याकडं जून-जुलैत एकदा पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत, तिथं नागरमोथा काय वाळणार, आणि थोडा ओलावा राहिला की पंधरा दिवसांत गाठी आणि किडे. बरणीत ओला चमचा घातला तरी तेच. लावताना चमचाभर वाटीत घेऊन पाण्यात किंवा दुधात कालवायचं, त्याच वेळेपुरतं, वाळायच्या आधी हलक्या हातानं धुवायचं. पुळ्या असताना चोळायचं नाही, नुसतं लावून धुवायचं, आठवड्यातनं एक-दोनदा. रोज साधा, सौम्य फेसवॉशच वापर. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, मी स्वतः साबण करते तरी तोंडाला लाव म्हणून सांगत नाही कुणाला.

साबणावरनं आठवलं, 'केमिकल-फ्री हँडमेड साबण' असं कोणी विकत असेल तर हसून पुढं जा. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही, बनल्यावर तो तेलाबरोबर संपून जातो इतकंच, आणि साच्यातनं काढून चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो. आमच्याकडं गुळाच्या साबणाला गिऱ्हाईक फार, कोल्हापूर म्हटल्यावर साहजिकच. त्याच्यात मोठं रहस्य काही नाही, साखर असली की फेस जास्त येतो.

हळदीचं पण विचारलंयस. स्वयंपाकाची नको, पिवळं तोंड घेऊन फिरशील, आंबेहळदीचा रंग कमी लागतो. चुकून लागलाच तर घाबरू नको, हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून तर कपड्यावरचा डाग उन्हात टाकतात.

कोरफड. कुंडीतलं पान तोडल्या तोडल्या जो पिवळा चीक निघतो तो त्वचेला चावतो, खाज उठते आणि मग लोक म्हणतात कोरफड चालत नाही. पान तोडून उभं धरायचं, पंधरा मिनिटं चीक गळू द्यायचा, धुवायचं, सालीलगतचा पिवळा थर काढून आतला पारदर्शक गर तेवढाच घ्यायचा. तेवढ्यापुरता. बाटलीत भरून व्हिटॅमिन ई ची गोळी फोडून घातली म्हणजे टिकेल हा सगळीकडं पसरलेला गैरसमज आहे. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना आणि बुरशीला ते काही करत नाही. टी ट्रीचे दोन थेंब पण नाही. आणि बुरशी डोळ्याला दिसेपर्यंत आत जंतूंची जत्रा भरलेली असते, तीच तुझ्या पुळ्यांवर जाते. सुगंधी तेलं घालायचीच असतील तर नुसत्या तेलात, ३० मिलीला सहा थेंब म्हणजे साधारण एक टक्का, चेहऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त नको, तेलात न मिसळता तर कधीच लावू नको.

आता ती इन्स्टाची क्रीम. तू फोटो पाठवलायस त्या डबीवर नाव आणि एक पान काढलंय, बाकी काही नाही. भारतात कॉस्मेटिक बनवून विकायला लायसन लागतं, डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं आणि आतले घटक लिहायला लागतात. हे नसेल तर ती कितीही गोड ताई असू दे, तोंडाला नको. आणि 'सात दिवसांत ग्लो' असं लिहिलेलं खरंच सात दिवसांत गोरं करत असेल तर जास्त घाबर. त्याच्यात स्टिरॉइड किंवा पारा असण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक नियमांत क्रीममध्ये चुकून येणारा पारा दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही, पण लायसन नसलेल्या डबीत कोण मोजायला बसलंय. केरळात २०२३ साली गोरेपणाच्या क्रीम लावणाऱ्यांना मूत्रपिंडाचा त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. स्टिरॉइडवालं असेल तर लावताना तोंड तुकतुकीत आणि बंद केलं की लालभडक, पुळ्याच पुळ्या. तुझ्या पुळ्या गालावर पण पसरल्या असतील तर हे कारण पण डोक्यात ठेव.

आईच्या मेंदीकडं वळू, कारण ह्याच्यात जास्त धोका आहे आणि लोक ह्यालाच नॅचरल समजतात. मेंदीचा रंग लॉसोन नावाच्या घटकाचा, तो केसातल्या केराटिनला धरतो आणि नारिंगी-लाल ते तपकिरी असाच येतो. मेंदी काळी नसतीच. 'हर्बल काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा पीपीडी असतं, तेच जे डायमध्ये असतं. पाकिटावर पॅराफेनिलीनडायअमीन एवढं लांबलचक नाव बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाच. घरी बघायचं असेल तर बशीत चिमूटभर पूड, दोन थेंब कोमट पाणी. खरी मेंदी हिरवट राहते, तासा-दोन तासांनी कडेला नारिंगी पाणी सुटतं. दहा-पंधरा मिनिटांत काळं-जांभळं पडायला लागलं तर आईच्या डोक्याला ती नको. पीपीडीची ॲलर्जी एकदा लागली की पुढं आयुष्यभर जात नाही, आमच्याकडं एक मावशी डोळे पूर्ण मिटलेले अशा सुजून आल्या होत्या, वर्षानुवर्षं तेच पाकीट लावत होत्या आणि एक दिवस अंगानं साथ सोडली.

काळंच पाहिजे असेल तर दोन टप्पे. आधी नुसती मेंदी, दोन-तीन तास ठेवून धुवायची, मग निळीच्या पानांची पूड, म्हणजे इंडिगो, कपड्याची नीळ नव्हे हां, कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची, तास-दीड तास. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसते, दुसऱ्या दिवशी गडद होते. दोन-तीन दिवस शाम्पू नको. वेळ जातो, बाथरूम रंगतं, आणि पांढरे जास्त असतील तर मुळाशी तांबूस झाक राहतेच. आईला हे सगळं आधी सांग, नाहीतर दुपारभर बसून शेवटी ती तुलाच बोलणार. नुसती मेंदी लावून तांबूस केस ठेवणाऱ्या बायका मला तरी छान दिसतात, पण ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

टिकलीचं कुणी विचारत नाही पण सांगते. कपाळाला टिकली लावतात तिथं पांढरा डाग पडलेल्या बायका आपल्याकडं कितीतरी आहेत, तो टिकलीमागच्या गोंदाचा असतो. आईला असेल तर टिकली बंद, कुंकू लावायचं तर साध्या हळदीचं बघून घ्यायचं. आणि जोतिबाच्या यात्रेला जाणार असशील तर आदल्या रात्री केसाला-मानेला तेल लावून जा, गुलाल आता कशाचा असतो देव जाणे, तेल असलं की सुटतो लवकर. आल्यावर घासू नको, आधी परत तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी.

तुझं काय करायचं ते सांगते. हा महिना चेहऱ्याला फक्त फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. ती क्रीम आणि लिंबू बंद. प्रयोग सगळे केसावर कर, तिथं चुकलं तरी धुऊन टाकता येतं. चेहरा शांत झाला की मग उटणं, तेही आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघून, आणि एका वेळी एकच नवीन गोष्ट, म्हणजे काही झालं तर कशानं झालं ते कळतं. आईच्या मेंदी-इंडिगोला पण हेच. सूज, पाणी भरलेले फोड, डोळ्याभोवती लाली असं काही दिसलं तर घरचे उपाय करत बसायचं नाही. आणि डाग दोन-तीन महिन्यांत फिके पडले नाहीत किंवा क्रीम बंद केल्यावर तोंड लाल व्हायला लागलं तर स्किनच्या डॉक्टरकडं जा, जाताना ती डबी बरोबर घेऊन जा, त्यांना डबी बघितल्यावर अर्धं तिथंच कळतं.